निर्णय लांबला तरी तास वेळेवर

माझी भाची बूगनव्हिलला शिकवायला निघाली आहे. पापुआ न्यू गिनीतला हा बेटांचा प्रदेश. २०१९च्या शेवटी तिथं सार्वमत झालं, जवळजवळ ९८ टक्के मतं स्वातंत्र्याच्या बाजूनं पडली, पण ते सार्वमत बंधनकारक नव्हतं. शिक्कामोर्तब व्हायचं ते पापुआ न्यू गिनीच्या संसदेत, आणि त्याची वाट बघत तिथली मुलं शाळेत जाताहेत. परवा तिचा फोन आला, "मावशी, तू कोसोवोत होतीस ना त्या वर्षी? मला काय काय ठाऊक असायला हवं?" फोनवर सांगून संपेना. म्हणून लिहून काढते आहे. अशा ठिकाणी निघालेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर चांगलंच.

मी बेळगावची, पेशानं इंग्रजीची शिक्षिका. सप्टेंबर २००७ ते जून २००८ मी आग्नेय युरोपातल्या कोसोवोत, मित्रोव्हित्सा गावात शिकवत होते. एका युरोपीय मदतसंस्थेचं लहानसं भाषाकेंद्र होतं. दोन खोल्या नदीच्या दक्षिणेला, एक उत्तरेला. गावाच्या मधून इबार नदी वाहते. दक्षिणेला अल्बेनियन लोक, उत्तरेला बहुतेक सर्ब. मधल्या पुलावर नाटोच्या फौजेतले फ्रेंच सैनिक उभे. मी तो पूल आठवड्यातून चार दिवस पायी ओलांडायची.

तेव्हाची परिस्थिती थोडक्यात सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. १९९९मध्ये नाटोनं ७८ दिवस बॉम्बफेक केली, सर्बियन फौजा कोसोवोतून बाहेर पडल्या, आणि सुरक्षा परिषदेच्या १२४४ क्रमांकाच्या ठरावानं तिथला कारभार संयुक्त राष्ट्रांकडे आला. कागदावर प्रांत सर्बियाचा आणि प्रशासन संयुक्त राष्ट्रांचं. वस्तीतले दहातले नऊ अल्बेनियन, त्यांना स्वतंत्र देश हवा. सर्बांना तो मुळीच नको. २००७च्या मार्चमध्ये संयुक्त राष्ट्रांचे दूत मार्टी आहतिसारी यांची देखरेखीखालच्या स्वातंत्र्याची योजना सुरक्षा परिषदेपुढे गेली, ती रशियाच्या विरोधानं अडली, आणि मग अमेरिका, युरोपीय संघ व रशिया यांच्या मध्यस्थीनं १० डिसेंबरपर्यंत पुन्हा बोलणी ठरली. मी पोचले ती त्या मुदतीत. आठ वर्षांचं भिजत घोंगडं, आणि त्याला गावात एकच शब्द होता: स्टेटस. अल्बेनियन बाई बेकरीत म्हणायची 'स्टाटुसी', सर्ब टॅक्सीवाला म्हणायचा 'स्टाटुस'. घर का बांधत नाही, तर स्टेटस ठरू दे. मुलीचं लग्न कधी, तर स्टेटस ठरू दे.

अशा गावात शिक्षकाच्या हाती काय असतं, हे मला कळायला दोन महिने लागले. तिथं पुढच्या वर्षी काय होणार हे कुणालाच सांगता येत नाही, पण मंगळवारी साडेतीनला तास होणार, हे तुम्हाला सांगता येतं. आणि सांगितलं की तो झालाच पाहिजे. बाकीच्या सूचना यातूनच निघतात.

निघण्याआधी

पासपोर्टची मुदत भरपूर शिल्लक असू द्या. मी राजधानी प्रिश्टिनाच्या विमानतळावर उतरले तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या प्रशासनाचा शिक्का बसला. तो प्रवेश सर्बियाच्या लेखी प्रवेशच नव्हता. म्हणजे प्रिश्टिनाहून आत आलेल्या माणसानं रस्त्यानं बेलग्रेडला जायचं म्हटलं तर तो सर्बियात बेकायदा शिरलेला ठरायचा, आणि आपला दूतावास बेलग्रेडमध्ये! पासपोर्ट हरवला असता तर काय केलं असतं, याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. तुम्ही निघण्याआधी ते शोधून ठेवा. कुठल्या दारानं आत शिरलं तर कुठल्या दारानं बाहेर पडता येतं, हे कागदावर लिहून काढा आणि एक प्रत घरच्यांना द्या. मी ती माझ्या भावाला दिली होती.

करारात पगाराचा आकडा सगळेच बघतात. मी सांगते ते वाचा: वर्ग बंद ठेवायचा निर्णय कोण घेणार, आणि तो मुलांना कोण कळवणार. मला हे विचारायचं सुचलं नाही. १० डिसेंबरची मुदत टळून गेल्यावर आमच्या संस्थेच्या वरच्या कार्यालयानं एका संध्याकाळी ईमेल पाठवला: परदेशी शिक्षकांनी उद्याच दोन आठवड्यांसाठी बाहेर पडावं. काळजीपोटी घेतलेला निर्णय असेल. पण मुलांना कुणी कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी बर्फात चालत आलेल्या अकरा जणांनी दाराला कुलूप बघितलं. मी परत आल्यावर त्यांतले सात आले, चार कधीच आले नाहीत. ज्यांनी १९९९ पाहिलं आहे त्यांच्या घरात परदेशी माणसं निघून जाण्याचा अर्थ फार वाईट होतो. म्हणून आता मी सांगते, करारात एक ओळ घालून घ्या: शिक्षक जाणार असेल तर निदान फोनवर प्रत्येक मुलाला शिक्षक स्वतः सांगेल. कुणी हरकत घेत नाही, फक्त आधी मागावं लागतं.

दोन पाकिटं, दोन सिमकार्डं

दक्षिणेला युरो चालायचा, उत्तरेला दुकानात दिनार. फोन त्याहून अवघड. दक्षिणेच्या मोबाइल कंपनीचा देशक्रमांक मोनॅकोचा होता, उत्तरेला सर्बियन कंपन्या. त्यामुळे नदीपलीकडच्या माणसाला फोन केला की तो मोनॅकोहून सर्बियाला केल्यासारखा लागायचा, बिलही तसंच. दोन सिमकार्डं घ्या आणि पालकांना दोन्ही क्रमांक द्या.

गाड्यांच्या पाट्या वेगळ्या. पुलापलीकडे जायचं तर कित्येक जण पाटी काढून सीटखाली ठेवायचे. टॅक्सीवाला पुलाजवळ सोडायचा, पुढे चालत. मी पहिल्याच आठवड्यात एक नियम केला: रोज त्याच वेळी, त्याच कोटात, त्याच पिशवीसकट पूल ओलांडायचा. पुलाच्या उत्तर टोकाला कॉफीच्या दुकानाबाहेर बसणाऱ्या माणसांना आणि दक्षिणेच्या बाजूच्या पोलिसांना आपण दिसून दिसून सवयीचे झालो पाहिजे. उगाच फोटो काढू नका. पुलाचा तर नाहीच.

नावांचं भान ठेवा. अल्बेनियनमध्ये 'कोसोवा', सर्बियनमध्ये 'कोसोवो', आणि सरकारी सर्बियनमध्ये 'कोसोवो आणि मेतोहिया'. एकाच शहराला पेया म्हणता की पेच, नुसत्या नावावरून समोरचा तुम्हाला एका बाजूला बसवतो. मी ज्या काठावर असेन त्या काठाचं नाव घ्यायची. काहींना तो दुटप्पीपणा वाटला. मला ती घरात शिरताना चपला काढण्यासारखी साधी गोष्ट वाटते.

पाठ्यपुस्तक आधी स्वतः चाळा

इंग्रजीच्या नवशिक्यांचं कुठलंही पुस्तक उघडा. पहिला धडा: व्हेअर आर यू फ्रॉम? जगभर चालणारा हा प्रश्न मित्रोव्हित्सात चालत नाही. 'आय ॲम फ्रॉम' म्हटलं की पुढं देशाचं नाव यायला हवं, आणि देश कोणता हाच तर वाद. दक्षिणेतल्या वर्गात एक मुलगा ठणकावून 'कोसोवा' म्हणाला आणि सगळ्यांनी बाकं वाजवली. उत्तरेत एका मुलीनं 'सर्बिया' म्हटलं आणि माझ्याकडे रोखून बघत राहिली, मी काही दुरुस्त करते का म्हणून. मी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवसापासून प्रश्न बदलला: विच स्ट्रीट डू यू लिव्ह ऑन? शाळेतून घरी जाताना काय काय लागतं? बेकरी, औषधांचं दुकान, आजीचं घर, पूल. व्याकरण तेच आणि शब्द जास्तच शिकून झाले.

नकाशाचं तसंच. वर्गात युरोपचा नकाशा लावू नका. छापणाऱ्यानं कोसोवोभोवती रेघ ओढली असेल तर एक बाजू फाडेल, नसेल तर दुसरी. दिशा शिकवायच्या तर गावाचा नकाशा फळ्यावर मुलांकडूनच काढून घ्या. तोसुद्धा एका काठाचाच निघतो, हे मात्र लक्षात ठेवा. माझ्या मुलांनी नदी काढली आणि नदीपलीकडे कोरी जागा सोडली, दोन्ही काठांवरच्या मुलांनी. मी ती जागा भरायला सांगितली नाही.

'माय हाउस' हा धडा मी डोळे झाकून घेतला आणि तो मला आजही छळतो. बारा वर्षांच्या एका मुलानं घराचं चित्र काढलं: दोन मजले, हिरवं फाटक, अंगणात मनुक्याचं झाड. छान लिहिलं होतं. मी विचारलं, तुझी खोली कुठली? तो खिडकीशी गेला आणि नदीपलीकडे बोट दाखवलं. घर तिकडे होतं. त्यात आता दुसरे लोक राहत होते. १९९९नंतर दक्षिणेचे सर्ब उत्तरेला गेले, उत्तरेचे कित्येक अल्बेनियन दक्षिणेला आले, त्यामुळे अशी मुलं दोन्ही वर्गांत होती. मी काय केलं? काहीच सुचलं नाही. म्हटलं, झाड किती उंच आहे? त्यानं हात वर करून दाखवलं. आम्ही 'टॉल' आणि 'टॉलर' शिकलो. नंतर मी धडाच बदलला. घर काढायचं, पण मनातलं: पाण्याखालचं, झाडावरचं, चाकांचं. ज्याला खरं घर काढायचं असेल त्यानं काढावं, सक्ती नाही. 'माझं कुटुंब', 'माझा सर्वांत आठवणीतला दिवस' हे निबंधही देऊ नका. मुलाला सांगायचं असेल तर तो आपणहून सांगतो, बहुतेक वेळा तास सुटल्यावर, दप्तर भरता भरता. तेव्हा ऐकायला तुमच्याकडे पाच मिनिटं असली पाहिजेत. पुलाची घाई असली तरी.

भविष्यकाळ कसा शिकवावा

यावर थोडं सविस्तर लिहिते, कारण वाट बघणाऱ्या प्रदेशात भविष्यकाळासारखा अवघड धडा नाही.

ऑक्टोबरात मी फळ्यावर लिहिलं, नेक्स्ट इयर आय विल, आणि मुलांना वाक्य पुरं करायला सांगितलं. दक्षिणेत: पुढच्या वर्षी आमचा देश होईल, मला पासपोर्ट मिळेल, मी जर्मनीला काकाकडे जाईन. उत्तरेत: पुढच्या वर्षी आम्ही इथं नसू, वडील सर्बियात क्राल्येवोला घर बघताहेत, पुढच्या वर्षी युद्ध होईल. सोळा मुलांत फक्त एकानं लिहिलं की मी दहा किलो वजन उचलीन. सगळी वाक्यं व्याकरणदृष्ट्या बरोबर होती. मी ती मोठ्यानं वाचून घेतली, ती चूक. उरलेला तास गेला वादात, आणि एक लहान मुलगी रडत घरी गेली, कारण तिला युद्ध होणार हे माहीत नव्हतं.

त्या दिवसानंतर मी काळाचं अंतर कमी केलं. 'पुढच्या वर्षी' नाही, 'पुढच्या गुरुवारी'. पुढच्या गुरुवारी तू काय करणार आहेस? मी केस धुणार आहे, वीज असली तर. मी आजोबांना लाकडं फोडायला मदत करणार आहे. मी तुमच्या तासाला येणार आहे. आणि गुरुवार आला की आम्ही ती वाक्यं पुन्हा काढायचो: केलंस का? भविष्यकाळाचा भूतकाळ करायचा. मुलांना हा खेळ फार आवडला. बोललेली गोष्ट घडली, हे त्यांना स्वतः तपासता येत होतं.

मोठ्या प्रश्नाला बंदी घालू नका मात्र. पंधरा-सोळा वर्षांच्या वर्गात मी एक वेगळी वही ठेवली. तिच्यात स्टेटसबद्दल हवं ते लिहावं, वर्गात वाचायचं नाही. मी फक्त क्रियापदं तपासणार, मतं तपासणार नाही, हे सांगितलं आणि पाळलं. एका मुलानं तीन पानं शिव्या लिहिल्या. त्यातल्या दोन क्रियापदांच्या चुका सुधारून मी वही परत दिली. त्यानंतर तो बराच नीट लिहायला लागला.

सामायिक शब्दांचा फळा

ही युक्ती माझी स्वतःची आणि मराठी माणसाला सहज जमेल अशी. अल्बेनियन आणि सर्बियन भाषांच्या शाखा वेगळ्या, पण दोघींवर काही शतकं तुर्की राज्य होतं. आपल्याकडे फारसी आली तसे तिथं तुर्कीतून शब्द आले. चहाला दोन्हीकडे 'चाय' म्हणतात. साबण 'सापुन'. बाजार 'पझार'. दुकान अल्बेनियनमध्ये 'द्युचान', सर्बियनमध्ये 'दुचान'. वस्ती 'महाला', आपला मोहल्ला. साखर 'शेचर'च्या जवळपास, आणि सपाता 'पापुचे'. माझी आजी पापोस म्हणायची तेच.

मी मुलांना सांगितलं, मी माझ्या भाषेतला शब्द म्हणते, तुम्ही ओळखा. दुकान म्हटलं की वर्ग ओरडायचा. दोन्ही काठांवर तीच यादी वाढत गेली. मी एका काठाचा शब्द दुसऱ्या काठावर 'त्यांचा' म्हणून कधीच नेला नाही, 'माझा' म्हणून नेला. मार्चपर्यंत एकेचाळीस शब्द झाले होते. 'दुश्मन' हाही तिन्ही भाषांतला शब्द. तो एका मुलानंच सांगितला आणि मी तोही फळ्यावर लिहिला.

सप्टेंबर-ऑक्टोबरात दोन्ही काठांवर लाल मिरच्या भाजायचा एकच खमंग वास सुटतो. घरोघरी 'आयवार' करतात, थंडीसाठी बरण्या भरून ठेवतात. घेवड्याच्या बियांची आमटी इकडे 'पासुल', तिकडे 'पासुल्य'. मी शाकाहारी, तेव्हा माझं वर्ष याच दोन गोष्टींवर गेलं. जेवायला बोलावलं तर जा, दोन्हीकडे जा, आणि एका घरात दुसऱ्या घराचं सांगू नका.

तिथल्या शिक्षकांपुढे

आपण परदेशातून आलो म्हणजे आपल्याला शिकवणं जास्त कळतं असा समज करून घेऊ नका. दक्षिणेतल्या माझ्या सहकारी बाईंनी १९९०च्या दशकात दुसऱ्याच्या घराच्या तळघरात वर्ग चालवले होते. अल्बेनियन शिक्षकांना सरकारी शाळांतून काढल्यावर हजारो मुलं अशी घरांत शिकली. बाकं नव्हती, मुलं जमिनीवर बसायची, दप्तर घेऊन रस्त्यानं जायची चोरी. उत्तरेतले प्राध्यापक १९९९नंतर प्रिश्टिनाहून आपलं विद्यापीठच उचलून आणल्यासारखे तिथं आले होते. या माणसांकडून शिकण्यासारखं पुष्कळ होतं. मी दर शनिवारी बाईंच्या तासाला मागच्या बाकावर बसायची. चार टाळ्यांत वर्ग शांत कसा करायचा, ते त्यांनीच शिकवलं.

पैशाचा प्रश्नही नाजूक. परदेशी संस्थांत दुभाष्याला किंवा ड्रायव्हरला शाळेच्या शिक्षकापेक्षा कितीतरी जास्त पगार मिळायचा, त्यामुळे चांगले शिक्षक शाळा सोडून जात होते. आपल्या केंद्रासाठी शाळेतली माणसं ओढू नका. तासांच्या वेळा शाळेच्या पाळ्या बघून लावा. तिथं बऱ्याच शाळा दोन-तीन पाळ्यांत चालायच्या.

कॅलेंडरं दोन ठेवा. २८ नोव्हेंबर अल्बेनियन ध्वजदिन. ७ जानेवारी सर्बांचा नाताळ, २७ जानेवारी संत सावाचा, म्हणजे सर्बियन शाळांचा दिवस. ७ मार्च अल्बेनियन शिक्षकदिन. बैराम, म्हणजे ईद, चंद्रावर. आणि ८ मार्चला दोन्ही काठांवर बायकांना फुलं; त्या दिवशी माझ्या पिशवीत उत्तरेचे आणि दक्षिणेचे गुलाब एकत्र होते. आठवडाभर आधी फळ्यावर लिहा, कुठला तास बुडणार आणि तो कधी भरून निघणार.

विजेचं थोडक्यात: दक्षिणेत बिलाच्या वसुलीप्रमाणे अ, ब, क अशा भागांना वीज मिळायची, आमचा भाग 'क'. संगणकावर अवलंबून असणारा एकही धडा ठेवू नका. मेणबत्त्या नकोत, मुलांचे कोट पेटतात. कपाळाला बांधायचे दिवे घ्या. स्वतःचे खडू न्या.

कोणत्या बाजूची?

हा प्रश्न पहिल्या महिन्यात येतोच. मला तर देशासकट आला. उत्तरेतल्या वर्गात एका मुलाच्या वडिलांनी माझा हात हातात घेऊन म्हटलं, भारत आमच्या बाजूचा, कॉफी घ्या. दक्षिणेत विचारलं, भारत आम्हाला मान्यता देणार का? (अजून दिलेली नाही.) मी दोन्हीकडे एकच वाक्य बोलायची: माझ्या सरकारचं धोरण मी ठरवत नाही, मी इंग्रजी शिकवते, आणि तुमचा मुलगा 'स' चा उच्चार सुधारतो आहे. विषय टाळल्यासारखं वाटेल, पण मुलांबद्दल खरीखुरी एक गोष्ट जोडली की पालकांना ते चालतं.

बेळगावची असल्यामुळे मला वाटलं होतं की हे सगळं मला आतून कळतं. १ नोव्हेंबरचा काळा दिवस मी लहानपणापासून पाहिला, दुकानांच्या पाट्यांवरून झालेली भांडणं पाहिली, २००४ पासून खटला सर्वोच्च न्यायालयात आहे. नोव्हेंबरात मी दक्षिणेच्या मोठ्या मुलांना हे उत्साहानं सांगितलं. एका मुलीनं विचारलं, तुमच्याकडे पुलावर रणगाडा असतो? नाही म्हटलं. तुमच्या घरातलं कुणी बेपत्ता आहे? नाही. ती पुढं काही बोलली नाही, मीही नाही. आपल्या गावचं दुःख खरं असतं, पण ते दुसऱ्याच्या दुःखाशेजारी ठेवून मोजायला वर्ग ही जागा नव्हे. भाचीलाही हेच सांगितलं आहे: बूगनव्हिलमध्ये दहा वर्षं युद्ध झालं, हजारो माणसं गेली. तिथं आपली उदाहरणं देण्याआधी वर्षभर ऐकून घे.

निर्णयाचा दिवस

१७ फेब्रुवारी २००८, रविवार. प्रिश्टिनात संसदेनं स्वातंत्र्य जाहीर केलं. दक्षिणेत रात्रभर हॉर्न, ढोल, लाल झेंडे, हवेत गोळ्या. घरमालकीणबाईंनी मला मिठी मारली, त्या रडत होत्या, मीही रडले. त्याच वेळी नदीपलीकडच्या इमारतींत दिवे मालवलेले होते. त्यातल्या तीन खिडक्या मला ओळखीच्या होत्या.

अशा दिवसाची तयारी आधी करा. घरात चार दिवसांचं पाणी, पीठ, औषधं, रोख पैसे. खिडकीपासून लांब झोपा, आनंदाच्या गोळ्याही खालीच येतात. आणि पुढच्या तासाचा धडा आधीच तयार ठेवा, साधा, ठरलेला. सोमवारी दक्षिणेत चारच मुलं आली, झोपेनं तारवटलेली. आम्ही ठरल्याप्रमाणे फळांची नावं केली. उत्तरेकडे मला जाऊ दिलं नाही. मी प्रत्येक घरी सर्बियन सिमवरून फोन केला: मी इथंच आहे, गुरुवारी येते. गुरुवारी गेले तेव्हा चौदातले पाच होते. कुणी काही बोलेना. मी हजेरी घेतली, मग फळांची नावं.

पुढचे काही महिने उत्तरेत रोज दुपारी बाराचाळीसला गर्दी जमायची आणि १२ वाजून ४४ मिनिटांनी, म्हणजे त्या १२४४ ठरावाच्या आकड्यावर, निदर्शनं सुरू व्हायची. माझा साडेबाराचा तास मी दोनवर नेला. १७ मार्चला न्यायालयाच्या इमारतीवरून मोठी चकमक झाली, संयुक्त राष्ट्रांचा एक युक्रेनियन पोलीस मारला गेला. तो आठवडा तास झाले नाहीत. बुडालेले तास मी एप्रिलमध्ये एकेक करून भरून काढले, आणि ते भरून निघाले हे मुलांना फळ्यावर तारखांसह दाखवलं.

निरोप घेताना

जाण्याची तारीख निदान महिनाभर आधी सांगा. शेवटच्या आठवड्यात नव्या शिक्षकाला वर्गात आणून बसवा, जमल्यास दोन तास त्यालाच घेऊ द्या.

प्रमाणपत्रांचा घोळ होतो, म्हणून तेवढं शेवटी सांगते. आमच्या छापील नमुन्यात ठिकाणाखाली देशाची जागा होती. तिथं काहीही लिहिलं तरी निम्म्या मुलांना ते घरी नेता आलं नसतं, आणि कोरी ठेवली तर कुणीतरी मागाहून भरलं असतं. मी छापखान्यात जाऊन ती ओळच काढून टाकायला लावली, स्वतःच्या खर्चानं, बावीस युरो पडले. ठिकाण म्हणून फक्त गावाचं नाव ठेवलं. रोमन लिपीत मित्रोव्हित्सा अल्बेनियन लिहितात त्याच नऊ अक्षरांत सर्बही लिहितात. खाली तारीख, किती तास शिकला त्याचा आकडा, आणि माझी सही. सही मी देवनागरीत केली. मुलांना ती कुणाचीच नसलेली अक्षरं फार आवडली आणि प्रत्येकानं आपलं नावही तशाच अक्षरांत मागच्या बाजूला लिहून मागितलं. एकोणतीस नावं लिहायला पूर्ण दुपार लागली. तेवढा वेळ राखून ठेवा.